ज्यानं घातले त्यानंच काढायचे

“चप्पल काढू नका. घालूनच चाला,” डॉक्टर म्हणाले.

मी खुर्चीला धरून उठले आणि चालायला लागले. दारापर्यंत जाऊन वळले, तर माझी डावी चप्पल खोलीच्या मधोमध पडलेली. पायातून कधी निसटली ते मला कळलंच नव्हतं. डॉक्टर माझ्याकडं न बघता त्या चपलेकडं बघत होते.

“हे कधीपासून?”

“दुसऱ्या ऑपरेशननंतर.”

“फाइल आणलीय साहेब. सगळी आणलीय,” म्हणत आमचे हे पिशवी घेऊन पुढं सरसावले.

“फाइल राहू द्या. आधी बाईंना सांगू द्या. कुठं दुखतं? एका बोटानं दाखवायचं.”

मी कमरेच्या डाव्या अंगाला बोट ठेवलं आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूनं ओढत पोटरीपर्यंत आणलं. पुढं मला वाकता येईना. मग तोंडानं सांगितलं, “इथून खाली पायाच्या अंगठ्यापर्यंत. करवतीनं कापल्यागत.”

डॉक्टरांनी माझा अंगठा बोटानं दाबून धरला आणि म्हणाले, “वर उचला.” मी सगळा जोर लावला. अंगठा ढिम्म हलला नाही.

“दुखतंय ते खरं आहे तुमचं,” ते म्हणाले. “नस दबलेली आहे. अजूनही.”

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मैदानावर गुडघा फुटला तरी पोरींना कधी ‘आई गं’ म्हणू न देणारी मी बाई, आणि त्या परक्या माणसापुढं पदर तोंडाला लावून बसले.

आता मी कोण ते सांगते. मी पद्मजा चौगुले, माहेरची मगदूम. इचलकरंजीच्या कन्याशाळेत शारीरिक शिक्षण शिकवायचे, म्हणजे खरं सांगायचं तर खो-खो शिकवायचे, बाकी सगळं तोंडी लावण्यापुरतं. गळ्यात शिट्टी आणि जिभेवर तिखट. माझ्या पोरी जिल्ह्यात कुणाला हार जायच्या नाहीत. खो-खो म्हणजे उकिडवं बसायचं, खो मिळाला की झटक्यात उठायचं आणि पळायचं. ते बोलून शिकवता येत नाही, बसून-उठून दाखवावं लागतं. तिथंच माझं घोडं पेंड खात होतं. दोन वर्षं मी खुर्चीत बसून शिट्टी वाजवत होते, आणि शाळेनं आता मला ग्रंथालयात बसवायचं ठरवलं होतं. ग्रंथालयात! त्यापेक्षा मला घरी बसवा म्हटलं.

आणि माझ्या पाठीवर दोनदा सुरी चालवणारा डॉक्टर कोण? तर माझा सख्खा धाकटा भाऊ, अभिनंदन. सांगलीत त्याचा हाडांचा दवाखाना. हुशार, सरळ, मगदुमांच्या घरातला पहिला डॉक्टर. पहिल्या ऑपरेशनला फरक पडला नाही, म्हणून वर्षाच्या आत त्यानं दुसरं केलं आणि स्क्रू-सळ्या घातल्या. तरी दुखणं जाईना, उलट पायच ऐकेना. तेव्हा तो एकदा वैतागून म्हणाला, “अक्का, फोटो चांगलाय. स्क्रू नीट बसलेत. आता तू मनानं उभारी धर. सगळं मनावर असतं.”

मनावर! पायातून चप्पल निसटतीय आणि म्हणे मनावर. पण बोलणार कुणाला? आपलेच दात आणि आपलेच ओठ. दुसऱ्या डॉक्टरकडं जाणं म्हणजे सगळ्या गणगोतात भावाचं नाक कापणं. घरचा डॉक्टर असला की कागदपत्रं कुणी मागत नाही, दुसरा सल्ला घ्यायचं कुणाच्या मनातही येत नाही. मी सोसत राहिले. शेवटी एका स्पर्धेत व्हॉलीबॉलचे जुने पंच भेटले. दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला तो माणूस टणाटण चालत आला आणि त्यानं हे नाव सांगितलं. डॉक्टर मुजावर, पुण्याचे. दुसऱ्यांच्या फसलेल्या पाठीच त्यांच्याकडं येतात म्हणाला. मग ‘ह्यांच्या मावसबहिणीकडं बारसं आहे’ असं सगळ्यांना सांगून आम्ही नवराबायको पुण्याला आलो होतो.

मुजावरांनी माझा एक लांबलचक फोटो काढायला लावला, मानेपासून ढुंगणापर्यंत. तो उजेडावर लावला आणि पेनाच्या टोकानं एकेक मणका मोजत वरून खाली येऊ लागले. फासळ्या संपल्या. कमरेचे मणके आले. मलाही मोजायची सवय, मीही मनात मोजत होते.

“कमरेत किती मणके असतात ठाऊक आहे?” त्यांनी विचारलं.

“पाच. बी.पी.एड. केलंय मी.”

“तुम्हाला सहा आहेत.”

आमचे हे उठून फोटोजवळ गेले. “सहा? मग हे चांगलं का वाईट?”

“चांगलंही नाही, वाईटही नाही. थोड्या लोकांना असतं, आणि त्यांना आयुष्यभर पत्ता नसतो. पण ऑपरेशनच्या वेळी असा कणा फसवतो.” मुजावर मूळचे मिरजेकडचे, त्यामुळं आमच्याशी बोलता बोलता आमच्यासारखेच बोलायला लागले होते. “समजा, इमारत सहा मजल्यांची आहे आणि मी तुम्हाला सांगितलं, चौथ्या मजल्यावर गळतंय. तुम्हाला वाटतंय इमारत पाचच मजल्यांची. तुम्ही गच्चीवरून मोजत आलात तर चुकीच्या मजल्यावर उतरणार. पाठीत आम्ही उलटं करतो. मणक्यांचे नंबर वरून लागतात आणि आम्ही तळातून वर मोजतो, कारण ऑपरेशनच्या टेबलावर तळ लगेच दिसतो. रिपोर्ट लिहिणाऱ्यानं मोजलं वरून, उघडणाऱ्यानं मोजलं खालून.”

“म्हणजे?” मी म्हटलं. मला कळलं होतं, पण त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

“म्हणजे खऱ्या जागेला अजून कुणी हातच लावलेला नाही. ती एक मणका वर आहे.”

मग मुजावरांनी फाइल उघडली, आणि वरचं नाव वाचून विचारलं, “हे डॉक्टर मगदूम तुमचे कोण?”

“भाऊ.”

त्यांनी फाइल मिटली. एक वाक्यही वावगं बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, “बाई, तुमचा पाय मी बरा करू शकतो. आडपडदा न ठेवता सांगतो, नसेत अजून जीव आहे. पण उशीर नको. जुने स्क्रू काढायचे, वरची नस मोकळी करायची आणि नवीन ठिकाणी पक्कं करायचं. माझी अडचण एकच आहे. हे स्क्रू कुठल्या कंपनीचे?”

“ते कशाला लागतंय?”

“स्क्रूच्या डोक्यात खाच असते. प्रत्येक कंपनीची वेगळी, आणि तिचा पानाही वेगळा. भलताच पाना लावला की खाच झिजते, मग स्क्रू निघत नाही. मग तो काढायला चांगलं हाड पोखरावं लागतं. ते मला तुमच्या पाठीत करायचं नाही.”

“आमच्या मागाचंही असंच,” आमचे हे म्हणाले. ह्यांचे यंत्रमाग होते. “ह्याचा पाना त्याला बसत न्हाई.”

“फोटोवरून अंदाज बांधता येतो, पण अंदाजावर मी पाठ उघडत नाही. तुमच्या कार्डावर नुसतं ‘स्क्रू घातले’ एवढंच लिहिलंय. मी डॉक्टर मगदुमांना फोन करू?”

“अजिबात नाही,” मी म्हटलं. “त्याला दुसऱ्याच्या तोंडून कळायला नको. मी विचारीन.”

म्हणाले खरं. पण परतीच्या वाटेवर कराड येईपर्यंत माझं तोंड उघडलं नाही. आमचे हे गाडी चालवता चालवता दोनदा माझ्याकडं बघून गप्प बसले. शेवटी न राहवून म्हणाले, “मॅडम, जिल्ह्यातल्या पंचांशी भांडताना बरी जीभ चालती तुमची.”

“पंच माझे भाऊ नव्हते,” मी म्हटलं.

दिवाळी तोंडावर आली होती. भाऊबीजेला अभिनंदन नेहमीसारखा आला, एकटाच. त्याची बायको तिच्या भावांकडं गेली होती. मी बासुंदी केली होती. आम्ही जैन, आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवायचं असतं, म्हणून त्याला उन्हं असतानाच ओवाळायला घेतलं. मला पाटाशी वाकता येईना, तर ह्यांनी पाट खुर्चीवर ठेवला आणि त्यावर त्याला बसवलं.

“सिंहासनच केलंय की दाजी!” तो हसला.

मी कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी आणि अंगठी फिरवली, निरांजन ओवाळलं. ताट धरून उभं राहताना डावा पाय लटपटला. ह्यांनी मागून कोपराला धरलं. अभिनंदननं ते बघितलं आणि नजर दुसरीकडं वळवली. मला त्याचा राग आला. बघ की! बघायला काय जातंय तुझं!

त्यानं खिशात हात घातला. “बोल अक्का, काय घालू ओवाळणी?”

“मागीन ते देशील?”

“माग की. कधी नाही म्हटलंय?”

“माझ्या पाठीत जे स्क्रू घातलेस, त्यांचा पाना दे.”

तो आधी हसला. त्याला थट्टाच वाटली. मग त्याचा खिशातला हात तसाच राहिला. डॉक्टर माणूस तो, पाना कोण मागतो आणि कशाला मागतो हे त्याला सांगावं लागलं नाही.

“कुणाकडं गेली होतीस?”

“पुण्याला. मुजावरांकडं.”

“बारसं म्हणाला होता तुम्ही.” हे तो ह्यांना म्हणाला. हे बिचारे ताटातल्या निरांजनाकडं बघायला लागले.

“त्यांना विचारू नको. मला विचार,” मी म्हटलं. “मी नेलं त्यांना.”

“काय म्हणाले मुजावर?”

आता माझा स्वभाव एक घाव दोन तुकडे. गोड करून सांगायला मला येत नाही, आणि त्या दिवशी सांगायचंही नव्हतं. “म्हणाले, मला कमरेत एक मणका जास्त आहे. सहा आहेत. तू मोजले होतेस?”

त्याच्या तोंडावरचा रंग उडाला. कपाळावरचं कुंकू तेवढं लाल दिसायला लागलं.

“खालून मोजले,” तो पुटपुटला. “सगळे खालूनच मोजतात, अक्का.”

“सगळ्यांची पाठ दुखत नाही. माझी दुखतीय.”

“मला आधी सांगायचं होतंस.”

“काय केलं असतंस? तिसऱ्यांदा उघडली असतीस? का अजून एकदा मनाला उभारी धर म्हणून सांगितलं असतंस?”

तो खुर्चीवरून उठला. चपला घातल्या आणि गाडीकडं चालायला लागला. हे त्याच्यामागं पळाले. “अभिनंदन, जेवून तरी जा. आजचा दिवस आहे.” त्यानं मान हलवली आणि दार ओढून घेतलं. गाडी गल्लीतून वळली. दिवस मावळला आणि तिघांची बासुंदी पातेल्यातच राहिली.

“जरा हळू सांगायचं होतंस,” हे म्हणाले.

“हळू सांगून पाय बरा होणार होता?” मी म्हटलं. पण मला रडू येत होतं. त्या पोराला मी माझ्या सायकलवर मागं बसवून शाळेत सोडायची. भाऊबीजेला तो उपाशी गेला, हे माझ्या जन्मात पहिल्यांदा झालं.

त्यानंतर त्याचा फोन नाही, निरोप नाही. मी केला तर दवाखान्यातली मुलगी म्हणे, “सर बाहेरगावी गेलेत.” पुन्हा केला, तरी “बाहेरगावी.” मी म्हटलं, असू दे. रुसायचं तर रूस. तुझा मान तुझ्याजवळ, माझा पाय माझ्याजवळ. मुजावरांनी तुळशीच्या लग्नानंतरची तारीख दिली होती आणि ती मी मोडणार नव्हते; दवाखान्यातल्या त्या मुलीला तेवढी कळवून ठेवली. शाळेत मुख्याध्यापकांना ठणकावून सांगितलं, “ग्रंथालयाची किल्ली दुसऱ्या कुणाला द्या. मी उन्हाळ्यापर्यंत मैदानावर असेन.”

“आणि नाही जमलं तर?” ते म्हणाले.

“तर किल्लीचं मग बघू,” मी म्हटलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी मी पुण्यात दाखल झाले. मुजावर येऊन गेले. अंदाजानं दोन-तीन कंपन्यांचे पाने मागवून ठेवलेत म्हणाले. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही, पण अंदाजावर पाठ उघडत नाही म्हणणारा माणूस हा. आणि आता माझ्यापायी त्याला तेच करावं लागणार होतं. मला पहिल्यांदा भीती वाटली. मी ह्यांना म्हटलं, “काही झालं तर अभिनंदनशी भांडायचं नाही.”

“काही होत न्हाई. आणि भांडायचं काम तुमचं. मला कुठं जमतंय?” हे म्हणाले.

एवढ्यात दारात अभिनंदन. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला, हातात कापडी पिशवी. पिशवीतून त्यानं स्टीलची एक पेटी काढली आणि कॉटशेजारच्या स्टुलावर ठेवली.

“जेवलीस?” त्यानं विचारलं.

“जेवले. तू?”

“तो माल कंपनीनं बंद केलाय,” माझ्या प्रश्नाकडं लक्ष न देता तो म्हणाला. “माझ्याकडचा सेट त्यांनी परत नेला होता. कोल्हापूर झालं, हुबळी झाली. कुणाकडं नाही. शेवटी बेळगावच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडं निघाला, माळ्यावर टाकलेला. माझ्याकडं एक स्क्रू उरला होता, त्याच्यावर खाच जुळवून बघितलीय मी. हाच आहे.”

म्हणजे ‘बाहेरगावी’ ते हे होतं. मी त्याच्याकडं बघत राहिले.

“फोन करून सांगायला काय झालं होतं रे?”

“सापडला नसता तर काय सांगणार होतो?”

तो पेटी घेऊन मुजावरांकडं गेला. बराच वेळ आला नाही. मग सिस्टर मला चाकाच्या खुर्चीतून मुजावरांच्या खोलीत घेऊन गेली. माझा लांबलचक फोटो उजेडावर लावलेला होता. अभिनंदन त्याच्यापुढं उभा होता, बोट काचेवर, शेवटच्या मणक्यावर. मी आले तरी त्यानं बोट काढलं नाही.

“बाई, एक परवानगी पाहिजे,” मुजावर म्हणाले. “डॉक्टर मगदूम उद्या थिएटरात उभं राहू का म्हणून विचारतायत. मला अडचण नाही. पण पाठ तुमची आहे. तुम्ही नाही म्हणालात तर नाही, आणि का म्हणून कुणी विचारणार नाही.”

अभिनंदन फोटोकडंच बघत होता. त्याच्या मानेवरून मला कळलं की तो श्वास धरून थांबलाय. लहानपणी निकालाच्या दिवशी असाच थांबायचा.

“उभं राहून काय करणार?” मी म्हटलं.

“बघणार,” तो म्हणाला.

“बघायला माझ्या पाठीत काय नाटक लागलंय? माझ्या मैदानावर नुसतं उभं राहिलेलं मला चालत नाही. यायचं तर हात धुऊन ये. डॉक्टर, हे स्क्रू ह्यानं घातलेत. ज्यानं घातले त्यानंच काढायचे. पुढचं तुम्ही करा.”

मुजावर हळूच म्हणाले, “आम्ही शक्यतो आपल्या माणसावर सुरी धरत नाही, बाई.”

“दोनदा धरून झालीय. आता काढायच्या वेळी सोवळं कशाला?”

“अक्का, माझा हात थरथरला तर?” अभिनंदन वळला. त्याचे डोळे लाल झाले होते.

“मुजावर आहेत की शेजारी. आणि थरथरला तर ओरडायला मी शुद्धीवर नसणार. तेवढा फायदा घे.”

मुजावर खो खो हसले. अभिनंदन हसला नाही. पण त्यानं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशीचं मला काही आठवत नाही. भूल देणाऱ्या बाईंनी नाव विचारलं, मी शाळेसकट सांगितलं, आणि मग एकदम कुणीतरी लांबून हाका मारतंय असं वाटलं. डोळे उघडले तर पायथ्याशी अभिनंदन. हिरवी टोपी अजून डोक्यावर.

“अक्का, डावा अंगठा वर कर.”

मी जोर लावला.

“अजून.”

“करतीय की!”

आणि अंगठा हलला. थोडाच, पण वर आला. मला स्वतःला दिसला. अभिनंदननं तो दोन्ही हातांत धरला, धरून ठेवला, मग टोपी काढून तोंडावर दाबली आणि खोलीबाहेर निघून गेला. हे माझ्या उशाशी उभे होते. “अगं, हलला! हलला की!” म्हणत साऱ्या वॉर्डाला सांगत सुटले.

पुढचे महिने अभिनंदन दर रविवारी सांगलीहून यायचा. मला धरून गच्चीवर चालवायचा, व्यायाम करून घ्यायचा, मी कंटाळा केला तर माझ्यासारखंच खेकसायचा. उन्हाळ्याच्या आधी मी मैदानावर उभी राहिले. उकिडवं बसू देत नव्हते, पण उभं राहून, चालून, ओरडून जमेल तेवढं सगळं सुरू केलं. पोरींनी शिट्टीला हार घातला. माझा पाय मला परत मिळाला.

पण एक गोष्ट मला आतून टोचत राहिली, आणि खरं ते सांगते. ‘चुकलं माझं, अक्का’ एवढं तो मला कधी म्हणाला नाही. एकदाही नाही. पाना आणला, रविवार घालवले, पण ते तीन शब्द नाहीत. मी वाट बघत होते. गच्चीवर चालता चालता मुद्दाम विषय काढायची, तर तो म्हणायचा, “टाच टेकव आधी.” मला वाटायचं, शिकलेल्या माणसाला एवढं कसलं जड जातं? डॉक्टर झाला म्हणून काय मोठ्या बहिणीपुढं वाकायचं नाही? हे म्हणायचे, “सोड की.” पण ह्यांना सगळंच सोडता येतं, मला येत नाही.

ऑपरेशनला सहा-सात महिने झाल्यावर मुजावरांकडं तपासणीला जायचं होतं. अभिनंदननंच गाडीनं नेलं. मला दारात सोडून तो गाडी लावायला गेला. मुजावरांनी मला चालायला लावलं, टाचांवर, चवड्यांवर. नवा फोटो बघितला. खूश झाले.

“हाड छान जुळलंय. आता मैदानावर काय वाटेल ते करा. उकिडवं बसलात तरी माझी हरकत नाही.”

“तुमचे उपकार डॉक्टर,” मी म्हटलं.

“माझे निम्मे. निम्मे भावाचे म्हणा.”

“पाना त्यानं शोधला, ते खरंच.”

“पान्याचं नाही म्हणत मी.” त्यांनी माझ्याकडं जरा चमकून बघितलं. “तुम्हाला त्यांनी थिएटरातलं सांगितलं नाही?”

“काय सांगायचंय?”

मुजावर खुर्ची पुढं ओढून बसले.

“पाठ उघडली, स्क्रू दिसले. मी पाना डॉक्टर मगदुमांच्या पुढं केला. त्यांनी घेतला नाही. मला वाटलं, हात थरथरतोय. तर हात एकदम स्थिर. त्यांनी सगळ्यांकडं बघितलं. माझ्याकडं शिकणारे चार-पाच डॉक्टर उभे होते, भूल देणाऱ्या बाई होत्या, सिस्टर, वॉर्डबॉय. आणि मोठ्यानं म्हणाले, ‘हे स्क्रू मी घातलेत. चुकीच्या जागी घातलेत. मी मणके खालून मोजले, वरून मोजले नाहीत. एकदा चुकलो, दुसऱ्यांदाही तसेच मोजले. ही माझी बहीण आहे. तिला दुखत होतं, ती सांगत होती, आणि मी तिला मनाचं आहे म्हणालो. तुम्ही सगळे नवे आहात. असं करू नका.’ मग माझ्या हातातून पाना घेतला आणि एकेक स्क्रू असा अलगद काढला, की मलाही तसा काढता आला नसता.”

मी माझ्या डाव्या चपलेकडं बघत बसले.

“इतकी वर्षं मी दुसऱ्यांची बिघडलेली ऑपरेशनं दुरुस्त करतोय, बाई,” मुजावर म्हणाले. “ज्यानं बिघडवलं तो कधी माझ्या थिएटरात आला नाही. आणि सगळ्या पोरांसमोर असं बोलणारा तर नाहीच नाही. मी स्वतः बोललो असतो का, ठाऊक नाही मला. घरी सांगितलं असेल असंच धरून चाललो होतो मी. आता माझं नाव सांगू नका.”

मी उठले आणि बाहेर आले. अभिनंदन डॉक्टर झाला त्या दिवशी मी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते. पण त्या दिवशीही मला त्याचा जेवढा अभिमान वाटला नव्हता, तेवढा त्या दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना वाटला. आणि मनाशी ठरवून टाकलं की मला कळलंय हे त्याला कळू द्यायचं नाही. जे त्यानं मला ऐकू न येण्याच्या वेळी सांगितलं, ते मी ऐकलंच नाही असं धरून चालायचं. आज इतकी वर्षं झाली, मी अजून बोललेली नाही.

गाडी फाटकाशी उभी होती. तो खिडकीतून मान काढून माझ्या चालण्याकडं बघत होता, डावं पाऊल नीट पडतंय का ते.

“इतका उशीर? काय म्हणाले?”

“हाड जुळलंय म्हणाले.”

“बस्स?”

“बस्स.”

मी आत बसले, दार लावलं. त्यानं गाडी सुरू केली नाही. माझ्या तोंडाकडं बघत राहिला.

“मग रडतीयस का, अक्का?”

“माझी मर्जी,” मी म्हटलं. “तू गाडी काढ.”